आठ सीटांची गाडी

एकोणीसशे एकोणऐंशीच्या जूनमध्ये मी कड्याच्या शाळेवर रुजू व्हायला बीडहून एसटीने निघालो होतो. माझ्या पुढच्या बाकावर खिडकीशी बावीस-तेवीस वर्षांची एक बाई बसली होती. मांजरसुंब्याचा घाट लागला तसं तिनं डोकं खिडकीबाहेर काढलं, ते आत घेतलंच नाही. मागच्या खिडकीतल्या माणसानं आरडाओरडा केला. कंडक्टर आला आणि म्हणाला, "बाई, पार मागं जाऊन बसा. लोकांच्या अंगावर उडतंय." ती उठली आणि बाकांच्या दांड्या धरत शेवटच्या बाकाकडं गेली. जाताना माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "माफ करा हां, दादा."

"ह्या बाईबरोबर कोण हाय?" कंडक्टरनं विचारलं. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा अगदी पुढच्या बाकावरचा एक तरुण, मान न वळवता म्हणाला, "मी हाय. भाऊ हाय मी तिचा."

कड्याला उतरल्यावर तो पुढं चालत गेला आणि ती पत्र्याची पेटी घेऊन मागून गेली. चार दिवसांनी मला खोली मिळाली ती त्यांच्याच घराशेजारी. तो वीरभद्र, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान असलेला. ती नीलम्मा. वयानं माझ्याहून लहान, तरी मी तिला पहिल्यापासून नीलम्माताईच म्हणत आलो.

त्या दिवशी वीरभद्रराव तिला धर्मापुरीहून, तिच्या सासरहून, कायमचं परत आणत होते. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. दोन वर्षांचा मुलगा होता, सिदू. मुलगा म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला आणि आई परत पाठवली. मुलगी असती तर दोघींनाही पाठवलं असतं, असं नीलम्माताई मला एकदा म्हणाल्या. भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या.

कडा जिल्ह्याच्या एका टोकाला आणि धर्मापुरी दुसऱ्या टोकाला. मध्ये दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. आणि नीलम्माताईंना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही, पार डोळे पांढरे व्हायचे. त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं, सीटखाली कागद घालूनही झालं. त्र्याऐंशी साली सिदूला शाळेत घातलं असं कळलं, तेव्हा त्या कुणाला न सांगता पाटीपेन्सिल घेऊन बसमध्ये बसल्या. आष्टीला कंडक्टरनंच त्यांना उतरवलं. तिथून त्या उन्हात चालत परत आल्या. त्यांची भावजय रुद्राणीबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "आलात का फिरून? कणीक भिजवायची राहिलीय."

बावीस वर्षांत त्यांनी आपला मुलगा चार वेळा पाहिला. दर वेळी तो कुणातरी नातेवाइकाबरोबर आला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

घरात मात्र त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. वीरभद्रराव, रुद्राणीबाई, त्यांचा मुलगा रवि, मुलगी शिवांजली. धाकटा भाऊ विश्वेश्वर, त्याची बायको आणि दोन मुलगे. अशी आठ माणसं. नीलम्माताई धरून नऊ. पण त्या घरात कुणी माणसं मोजायला लागलं की पहिल्यांदा आठच भरायची.

दोन हजार साल उजाडेपर्यंत कड्यात पैसा दिसू लागला होता. कारखान्याच्या उसाचा पैसा, रस्त्या-पुलांच्या गुत्तेदारीचा पैसा. ज्यांच्या घरी सायकल होती त्यांच्याकडं मोटारसायकल आली, आणि मोटारसायकलवाले चारचाकीचं बोलू लागले. वीरभद्रराव बरेच दिवस गप्प होते. पण दोन हजार एकच्या मार्चमध्ये धर्मापुरीहून लग्नाची पत्रिका आली. सिदूचं लग्न, वैशाखात. नवरदेवाच्या मामाला मान असतो. अक्षता पडेपर्यंत मामानं पाठीशी उभं राहायचं. वीरभद्ररावांना त्या मांडवात एसटीतून उतरून चालत जायचं नव्हतं.

पत्रिकेत नवरदेवाची आई म्हणून दुसऱ्या बाईचं नाव छापलं होतं. पण मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईनं एक ओळ होती. नीलम्माताई चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यांना वाचता येत होतं. तरी त्या पत्रिका घेऊन माझ्याकडं आल्या.

"गुरुजी, एवढं वाचून दाखवा."

मी वाचलं. "मामा, माझ्या आईला नक्की आणा. सिदू."

"पुन्हा एकदा वाचा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी पत्रिका घडी न करता पदराखाली घेतली आणि गेल्या.

त्या रात्री जेवताना वीरभद्रराव सगळ्यांसमोर म्हणाले, "नीलव्वा, रडू नकु. गाडी घ्यायलोय आपण. घरच्या गाडीतून नेतो तुला."

मग घरात दोन पक्ष पडले. विश्वेश्वर सुमोच्या बाजूचा. "दहा माणसं बसत्यात दादा. आपली नऊ आन् वरून एक पाव्हणा. लोखंडासारखी गाडी हाय." रवि क्वालिसच्या बाजूचा. त्याचं बी. कॉम. नुकतंच झालं होतं आणि गाडी तोच चालवणार होता. "काका, सुमोत मागं आडवं बसावं लागतंय, गुडघ्याला गुडघा लावून. जीपड्यातल्यावानी. क्वालिसात सगळी समोर तोंड करून बसत्यात. मांडवात उतरलो तर लोकं गाडीकडं बघत्याल." रुद्राणीबाईंना क्वालिसचा रंग आवडला होता. पंधरा दिवस दुकानात, ओट्यावर, देवळात हाच विषय. येणारं-जाणारं गिऱ्हाईकसुद्धा पाइप राहू दे, आधी गाडीचं मत देऊन जायचं.

शेवटी निवाडा मैनुद्दीन मिस्त्रीकडं गेला. स्टँडासमोर त्याचं गॅरेज. तालुक्यातली निम्मी डिझेल इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. मी तिथं माझी लुना दुरुस्तीला घेऊन बसलो होतो, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलं.

"सेठ, दोन्ही गाड्या चांगल्या," मैनुद्दीन हात पुसत म्हणाला. "सुमो वजन वाहती, क्वालिस माणूस वाहती. तुमाला काय वाहायचंय ते तुमी ठरवा."

"आरं पण बसायला कुठली मऊ? दणका कुणाला कमी?"

"ते कागदावर न्हाई कळत," तो म्हणाला आणि हसला. "तुमच्या घरात नीलम्माआपा हाय ना? दोन्ही गाडीत मागं बसवा. जिच्यात आपाला उलटी न्हाई झाली ती घ्या. तिच्यापेक्षा चांगला मीटर सगळ्या जिल्ह्यात न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. मैनुद्दीन मनानं वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, आपण एक गंमत केली.

पण रविनं ते मनावर घेतलं. एका गुत्तेदाराची सुमो एका सकाळपुरती मागून आणली. नीलम्माताईंना मागच्या आडव्या बाकावर बसवलं. गाडी निघताना विश्वेश्वरची दोन्ही पोरं ओरडत होती, "आत्या, दम धर! आत्या, दम धर!" रविनं घड्याळ लावलं होतं. आष्टीच्या अलीकडंच गाडी थांबवावी लागली. घरी येऊन रवि सगळ्यांना सांगत होता, "बावीस मिनटं. एसटीत किती टिकती गं आत्या तू?"

"धा-पंधरा," नीलम्माताई म्हणाल्या. त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंडावर पाणी मारलेलं. "म्हंजे सुमो बरीच की रं."

विश्वेश्वर चिडला. "आक्का, तू जाणून केलं. थोडं गिळायचं हुतं की."

"गिळलं रं दोनदा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात नगरच्या शोरूमचा माणूस क्वालिस दाखवायला घेऊन आला. या वेळी त्या तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसल्या, समोर तोंड करून. गाडी आष्टी ओलांडून गेली. जामखेडपर्यंत गेली. तिथं विश्वेश्वरनं, परीक्षा कडक व्हावी म्हणून, तेलकट भजी आणून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी चार खाल्ली. गाडी परत आली. काहीही झालं नाही.

संध्याकाळी त्या माझ्या पायरीशी आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. चाळीस ओलांडलेली बाई, केस कानांपाशी पिकलेले, आणि परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखी उभी.

"गुरुजी, झाडं मागं जात्यात बघा. पळत पळत. आजपस्तोर मी कधी झाडं बघितलीच न्हाईत, खाली मान घालून बसायची. जामखेडपस्तोर काहीसुदीक न्हाई झालं. आता मी कुठंबी जाऊ शकते."

"धर्मापुरीला जा आधी," मी म्हणालो.

"तिथंच जायचंय. म्हणून तर ही गाडी घ्यायलेत. माझ्यासाठीच घ्यायलेत, गुरुजी. न्हाईतर सुमो स्वस्त पडत हुती."

मी तीस वर्षं गणित शिकवलं. क्वालिसची सीटं आठ, हे मी रविच्या तोंडून दहा वेळा ऐकलं होतं. तेव्हा मनात आकडा आला आणि मी तो बाजूला सारला. पोरं लहान आहेत, मांडीवर बसतील, असं स्वतःला सांगितलं. मैनुद्दीननं मात्र गाडी आल्या दिवशी तोंडावर विचारलं. "सेठ, सीटं आठ हायत. घरात माणसं किती?"

"आठ," वीरभद्रराव म्हणाले. मग बॉनेटवरून हात फिरवत, "होतंय की सगळं नीट."

गाडीची पूजा नीलम्माताईंनीच केली. चाकांखाली लिंबं ठेवली, भस्माचे तीन पट्टे ओढले. लग्नाआधीचे पंधरा दिवस त्या शेवया वळत होत्या. दोऱ्याएवढ्या बारीक नाही, केसाएवढ्या. सुनेला द्यायला म्हणून. स्वतःच्या पैशांतून, शेजारणींच्या गोधड्या शिवून साठवलेल्या पैशांतून, त्यांनी मुलासाठी एक घड्याळ घेतलं. ते मला दाखवायला आणलं होतं. काटे माझ्या घड्याळाशी जुळवून घेतले.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला निघायचं होतं. मी ओट्यावर उभा होतो. नीलम्माताई तिसऱ्या रांगेत खिडकीशी कधीच जाऊन बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर शेवयांचा डबा. रात्रीपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, कुठलाच धोका नको म्हणून. वाटेत खायला दशम्या आणि धपाटी मात्र त्यांनीच केली होती, नऊ माणसांची.

रुद्राणीबाई बॅगा घेऊन आल्या. "वन्सं, जरा उतरता का? मागं सामान लावायचंय."

त्या उतरल्या. सामान लागलं. आहेराच्या साड्या, भांड्यांचं खोकं. मग विश्वेश्वरची बायको चढली, शिवांजली चढली. दोन्ही पोरं वरून उड्या मारत गेली आणि खिडकीसाठी भांडू लागली. पुढं रवि आणि वीरभद्रराव. मधल्या रांगेत शिवांजलीशेजारी रुद्राणीबाई आणि विश्वेश्वर. नीलम्माताई डबा घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, कोण कधी सरकतंय याची वाट पाहत.

"वन्सं, तो डबा द्या इकडं," रुद्राणीबाई म्हणाल्या. डबा आत गेला.

"मी कुठं बसू, वहिनी?"

मग विश्वेश्वर खाली बघत म्हणाला, "आक्का, घराला कुलूप लावून कसं जमंल? दुधाचं हाय, दुकानात माल येणार हाय आज."

"मालाचं मैनुद्दीनभाईला सांगितलंय की. अण्णा?" त्या पुढच्या खिडकीशी गेल्या. "अण्णा, मी पोरास्नी मांडीवर घेते. दोघास्नीबी घेते."

"पाच-सहा तास?" रुद्राणीबाई म्हणाल्या. "केवढाले झालेत ते. कपड्याचा चोळामोळा हुईल."

"मग मी पायाशी बसते. खाली बसते, मला काय हुतंय?"

वीरभद्ररावांनी काच अर्धी खाली केली होती. ते म्हणाले, "येडी का काय तू? नव्या गाडीतून नवरदेवाची आई पायाशी बसून आली? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

मी ओट्यावरून उतरलो. म्हणालो, "वीरभद्रराव, एक मुलगा माझ्याकडं राहू द्या. माझ्या घरी जेवंल. ताईंना न्या."

मग त्यांनी मान वळवून मागं विचारलं, "काय रं लहान्या, राहतो का गुरुजीकडं?"

दहा वर्षांच्या मुलानं भोकाड पसरलं.

"बघा," वीरभद्रराव मला म्हणाले, जसं काही निवाडा झाला होता. "नाराज लेकरू कसं टाकून जायचं शुभकार्याला? नीलव्वा, पुढच्या महिन्यात तुला येगळी नेतो. निवांत. खास तुझ्यासाठी."

रविनं गाडी चालू केली. नीलम्माताईंनी घाईनं कमरेचा बटवा सोडला आणि घड्याळाची डबी खिडकीतून आत दिली. "सिदूला दे. म्हणावं, वेळ लावून ठिवलीय." मग गाडी मागं घेताना त्या स्वतःच बाजूला झाल्या आणि हात दाखवून म्हणाल्या, "येऊ दे, येऊ दे. डाव्या बाजूला दगड हाय."

त्या दिवशी त्यांनी अंगण दोनदा झाडलं. दुपारी मुहूर्ताच्या वेळी मी बघितलं, त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि मूठभर तांदूळ हातात होते. मी दार लावून घेतलं.

मांडवात काय झालं ते रविनं मला पुढं सांगितलं, आणि वाईट वाटून नाही, नुसतं घडलं तसं सांगितलं. गाडी मांडवाच्या कडेला लागली तेव्हा लोक खरंच बघायला जमले. सिदू मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत उठून गाडीपाशी आला. त्यानं एकेकाला उतरताना पाहिलं. शेवटी आत डोकावला आणि म्हणाला, "मामा, आई?"

वीरभद्रराव म्हणाले, "आरं, तिला गाडी लागती न्हाई का. तुला म्हाईतच हाय. लई समजावलं, पर न्हाईच म्हणाली."

आजूबाजूच्या चार बायका माना हलवून म्हणाल्या, हो हो, तिला लागते, लग्न होऊन आली तेव्हाही ओकतच आली होती. सिदूनंही मान हलवली. मग मामा त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि अक्षता पडल्या. घड्याळ रविनं दिलं. ते सिदूनं लगेच हातात घातलं, असं रवि म्हणाला.

परतीच्या वाटेवर लहान्या मुलाला जास्तीची बुंदी बाधली आणि त्यानं मागच्या सीटवर ओकलं. दुसऱ्या दिवशी नीलम्माताई बादली घेऊन गाडी धूत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सून सावळी हाय म्हनं, पर नाकीडोळी नीट." आणि सीट घासू लागल्या.

पुढचा महिना आला आणि गेला. खास त्यांच्यासाठी गाडी कधी निघाली नाही. आठ-नऊ महिन्यांनी सिदू बायकोला घेऊन एसटीनं आला, तासभर बसला. म्हणाला, "आई, तुला प्रवासाचा तरास नको. मीच येत जाईन." त्या वेळी मी तिथंच होतो. मला वाटलं, आता सांगतील. जामखेडचं सांगतील, भज्यांचं सांगतील. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "व्हय बाबा. न्हाईच सोसत मला."

नंतर मी विचारलं, का नाही सांगितलं? त्या माझ्याकडं थोड्या आश्चर्यानं बघत राहिल्या. "कशापायी सांगू, गुरुजी? अण्णा खोटा पडंल की. तिकडं मामा म्हणून उभा राहिलाय तो."

मैनुद्दीन त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीतून जात नव्हता. एकदा गॅरेजमध्ये म्हणाला, "गुरुजी, मी मस्करी केलती. आपाला मीटर म्हणालो. मीटर गाडीत बसवत्यात, माणूस न्हाई बसवत, हे माज्या ध्यानात न्हाई आलं." मला बोलायचा हक्क नव्हता.

वीरभद्रराव वारून आता अकरा वर्षं झाली. क्वालिस त्याआधीच विकली. रवि नगरला फ्लॅटमध्ये राहतो, रुद्राणीबाई त्याच्याकडं असतात. विश्वेश्वर दुकान बघतो. सिदूनं लातूरला घर बांधलं, त्याला दोन मुली आहेत, थोरली इंजिनीअरिंगला आहे. तो वर्षा-दोन वर्षांनी आईला येऊन भेटतो.

नीलम्माताई आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. कड्याच्या घरात मागच्या खोलीत राहतात, सकाळी विश्वेश्वरच्या नातवंडांचे डबे करतात. मुलाचं लातूरचं घर त्यांनी अजून पाहिलेलं नाही.